विळीचा शिक्का आणि पेन्सिलची नोंद

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे मी माझ्यापुरतं लिहितेय, तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुका मोजू नयेत. मोजणाऱ्या माणसांनी मला पुरेसं छळलंय, आणि त्यांच्याबद्दलच लिहायला बसलेय.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. आमचे हे नोकरीतून सुटल्यावर टेकडीवर फिरायला जायला लागले आणि तिथे त्यांना एक मंडळ भेटलं. मंडळाचे प्रमुख बँकेतून निवृत्त झालेले आहेत, सगळे त्यांना साहेब म्हणतात. साहेब परदेशात लेकाकडे राहून आले, ते येताना चॉकलेटं आणि हा छंद घेऊन आले. चॉकलेटं लगेच संपली.

छंदाचं नाव लेटरबॉक्सिंग. त्यात पत्र नाही आणि पोस्टमनही नाही. एका प्लॅस्टिकच्या डबीत रबरी शिक्का आणि छोटी वही घालायची, ती डबी टेकडीवर लपवायची आणि खुणा कागदावर लिहून बाकीच्यांना द्यायच्या. डबी सापडली की तिच्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का तिच्यातल्या वहीत मारायचा आणि डबी होती तिथे ठेवून यायची. घरी काही आणायचं नाही. एवढी पायपीट करून पदरात काय, तर शाईचा डाग.

पण खरा खेळ शोधण्याचा नाहीच, मोजण्याचा आहे. सापडलेले शिक्के एका रकान्यात, लपवलेले दुसऱ्यात. मग ‘पाहुणे’. पाहुण्या शिक्क्याला स्वतःची डबी नसते. तो दुसऱ्याच्या डबीत उतरतो आणि ज्याला सापडेल त्याने त्याला पुढच्या डबीत नेऊन सोडायचं. आमच्या नात्यात असे दोघं आहेत, पण त्यांना पुढे कुणी नेत नाही. शिवाय ‘खिशातले’. हे कुणातरी सभासदाच्या खिशात असतात आणि मागितल्याशिवाय तो बाहेर काढत नाही. दर रविवारी टेकडीच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीवर साहेब सगळ्यांच्या वह्या तपासून आपल्या मोठ्या वहीत आकडे चढवतात. एकच डबी दोनदा सापडली तर एकदाच धरायची. डबी फुटली, नवी ठेवली आणि शिक्का जुनाच असला तर काय, यावर दोन माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या सोसायटीतल्या बायका लक्ष वाती करतात, त्याही असंच मोजतात. पण त्यांचं निदान शेवटी देवापुढे जळून तरी जातं.

यातला एक नियम मला खुपायचा. नवरा-बायको मिळून एक वही, एक शिक्का, एक आकडा. ह्यांची कंबर धरलेली, म्हणून वाकून दगड उचलायची मी, आणि आकडा चढायचा ह्यांच्या नावावर. मी चारचौघांत बोलत नाही. घरी मात्र म्हटलं, मला वेगळी वही हवी.

“रेशनकार्ड एक, गॅसचं पुस्तक एक, मग वह्या दोन कशाला?” हे म्हणाले.

“कंबरा दोन आहेत म्हणून.”

हे हसले आणि साहेबांना विचारून आले. साहेब म्हणाले, चालेल, पण शिक्का त्यांचा स्वतःचा पाहिजे. ह्यांनी लगेच पाकीट काढलं. पण ह्यांच्या पैशाचा शिक्का म्हणजे पुन्हा ह्यांचाच. मी नको म्हटलं.

स्वारगेटच्या पलीकडे एका बोळात रबरी शिक्के करणारे चाचा बसतात. आजोबांपासून त्यांच्या घरात हेच काम. मी शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून देते, त्यातले थोडे पैसे आगाऊ दिले आणि बाकीचे हप्त्याने देईन म्हटलं. ते कबूल झाले. नाव कोरू का, त्यांनी विचारलं. स्वतःचं नाव टेकडीवर सोडून यायची मला लाज वाटली. म्हटलं, विळी काढा, रोज तिच्याशीच गाठ असते. चित्र हाताने कोरावं लागतं म्हणून पैसे जास्त पडले. चाचांनी मन लावून कोरली. कागदावर उमटवून पाहिली तर बदक दिसत होतं. तेही बघत राहिले, मीही बघत राहिले. पुन्हा कोरायला सांगण्याइतकी उधारी मला झेपणार नव्हती, म्हणून बदक पिशवीत घातलं.

पुढच्याच रविवारी एक नवी डबी शोधायची होती. वाकड्या कडुनिंबापाशी उभे राहून पाण्याच्या टाकीकडे तोंड करा, अशी काहीतरी खूण होती. सगळे पुरुष कागद फिरवत वाद घालत होते की टाकी जुनी की नवी. मला निराळीच घाई होती. टेकडीवर बायकांची सोय नाही, आणि हे मंडळाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. मी लांब झुडपांमागे एका मोठ्या दगडाच्या आडोशाला गेले. बसणार तोच दगडाखाली निळं झाकण दिसलं. माझं काम मी आणखी लांब जाऊन केलं, हे डबीच्या मानासाठी सांगते. मग परत येऊन, बाटलीतल्या पाण्याने हात धुऊन डबी उघडली. आत मोराचा शिक्का होता. मोर माझ्या कोऱ्या वहीत मारला आणि माझं बदक डबीतल्या वहीच्या पहिल्याच पानावर. घाईत शिक्का सरकला आणि बदकाला दोन माना आल्या.

टपरीवर साहेबांनी वही पाहिली आणि विचारलं, खुणांवरून सापडली की अशीच? अशीच सापडलेली धरत नाहीत.

“वहिनी, टाकीकडे तोंड केलं होतंत का?”

“पाठ केली होती.”

“मग तिकडे गेलात कशाला?”

सगळे कप हातात धरून माझ्याकडे बघत होते. मला एरवी बसमध्ये तिकीट मागायलाही संकोच वाटतो. पण मोराची शाई अजून ओली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावावर काहीतरी चढणार होतं.

“लघवीला,” मी म्हटलं.

मंडळात माझ्याशिवाय एकच बाई आहेत, निवृत्त शिक्षिका. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की टपरीवाला डोकावून बघायला लागला. मग त्या साहेबांना म्हणाल्या, “शोधणाऱ्याला दुसरं काही काम नसावं, असं नियमात कुठे आहे? धरा आपण.”

नियमात खरंच नव्हतं. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात आमचे हे कौतुकाने म्हणाले, शिक्कासुद्धा तिने स्वतः घेतलाय, हप्त्याने.

पेन थांबलं. ज्या माणसाने अख्खी हयात बँकेत काढली त्याच्यापुढे हप्ता हा शब्द काढायचा नसतो.

“हप्ते बाकी आहेत? म्हणजे शिक्का अजून दुकानदाराचा.”

त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि पेन्सिल काढली. माझा मोर पेन्सिलने चढला, पैसे फिटेपर्यंत. पेन्सिलीच्या मागे खोडरबर होतं, ते माझ्याकडे तोंड करून हलत होतं.

घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. उरलेले मी भरून टाकतो, असं हे दोनदा म्हणाले, तेव्हा एकदाच बोलले, नको म्हणायला. लग्नसराई होती, साड्यांचा ढीग आला. मी फॉल लावत राहिले आणि रविवारी टेकडी चढत राहिले. आणखी शिक्के मिळाले, एक पाहुणा मिळाला, शिक्षिकाबाईंनी आपल्या खिशातला दिला. सगळे पेन्सिलीत.

काल चाचांकडे गेले आणि शेवटचा हप्ता समोर ठेवला. त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. इथेही सुटका नाही.

“विळी बरी चाललीय ना, ताई?”

“चालते, पोहतेसुद्धा.”

चाचा हसले, बहुतेक त्यांनाही ठाऊक होतं. मग खणातून ‘पैसे मिळाले’ असा शिक्का काढून त्यांनी माझ्या बिलावर मारला. फिकट उठला. हे एका बँकवाल्याला दाखवायचंय, जरा ठळक मारा, असं मी म्हटलं. त्यांनी शाई लावून पुन्हा दाबून मारला, बिल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, सगळे फिटले.