लय कोण पळवतं?

सावेडीतल्या आमच्या सोसायटीत इंदूताईंना न घाबरणारा माणूस एकच, आणि नेमकं त्यालाच त्यांनी भजनी मंडळातून काढून टाकलं. तो माणूस म्हणजे त्यांचे यजमान, नृसिंहराव.

इंदूताई शाळेत संगीताच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या, पण आवाजातला वर्ग काही सुटला नाही. आमच्या मंडळात त्या पेटी वाजवत मुख्य आवाज लावतात, बाकीच्या मागे म्हणतात, मी झांजा वाजवते आणि नृसिंहराव पखवाज. बायकांत पुरुष एकटाच, म्हणून चहा त्यांना शेवटी मिळायचा. त्यांची कधी तक्रार नव्हती, तक्रार असायची ती इंदूताईंची. अभंग संथ सुरू व्हायचा आणि शेवटाला अशी घाई उडायची, की झांजा वाजवता वाजवता माझी मनगटं भरून यायची. मग इंदूताई डोळे वटारायच्या, "अहो, पळवलीत ना लय पुन्हा?"

"मी? बरं," नृसिंहराव म्हणायचे. त्या 'बरं'वर तीस वर्षं संसार चालला होता.

यंदा अधिक महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघाने भजन स्पर्धा ठेवली. पहिल्याच तालमीला लय उधळली आणि इंदूताई म्हणाल्या, "तुम्ही आता राहूच द्या." नृसिंहराव उठले. पखवाजाला खोळ चढवली, तो माळ्यावर ठेवला आणि फिरायला निघून गेले. त्यांची एक सवय होती, बोटं सतत ठेका धरायची. भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत टकटक चालू. त्या दिवसापासून ती बोटं गप्प झाली. मला ते बघवेना, पण इंदूताईंना सांगणार कोण?

त्यांचा मुलगा धवल पुण्यात नोकरी करतो. कॉलेजात असताना त्याला बँड काढायचं खूळ होतं, तेव्हाचं एक सिंथेसायझर घरी पलंगाखाली पडलं होतं. पखवाजाच्या जागी इंदूताईंनी तेच दिवाणखान्यात मांडलं. साधा कीबोर्ड नव्हे, वर्कस्टेशन म्हणे. ताल तेच धरणार, सूर तेच लावणार, रेकॉर्डिंगही तेच करणार.

"म्हंजी नवऱ्याची गरजच न्हाई," मालनबाई म्हणाल्या. मालनबाई पारनेरकडच्या. शेती थोरल्यावर सोपवून नातवंडांसाठी इथे आल्यात. मनात एक आणि ओठावर एक हे त्यांना जमत नाही.

धवल व्हिडिओ कॉलवर शिकवू लागला. पण बाईंना शिकवणं सोपं का असतं? "आधी सरळ बस आणि मग सांग," इथूनच सुरुवात. मशीनमध्ये ताल ढीगभर होते, भजनी ठेका मात्र औषधालाही नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही गवळण साम्बावर म्हटली. दुसऱ्या दिवशी डिस्कोवर म्हटली, आणि ती मालनबाईंना भलतीच आवडली. शेवटी धवलने ठेका स्वतः बनवायला सांगितलं. तालवाद्यांचा आवाज लावला की प्रत्येक पट्टीतून वेगळं वाद्य वाजतं: एकीतून ढोल, एकीतून टाळी, एकीतून घुंगरू. एका पट्टीतून चक्क शिट्टी वाजायची, आणि इंदूताईंचं बोट हमखास त्याच पट्टीवर पडायचं. ऐन नामाच्या गजरात शिट्टी वाजली, की आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबायचो.

"हवालदार आला वाटतं," स्वयंपाकघरातून नृसिंहरावांचा आवाज यायचा.

तरी बाई चिवट. आठ मात्रा त्यांनी एकेक करून बसवल्या, आणि ठेका सुरेख झाला. मग आलं अर्पेजिओ. तीन पट्ट्या एकदम दाबून धरल्या, की मशीन ते सूर सुटे करून एकामागून एक फिरवत राहतं, तेही तालाच्या मापात. इंदूताईंनी सा, ग, प धरले आणि त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, हे तर अलंकार! जन्मभर मुलींकडून घोकून घेतले, आणि हे एका हाताच्या बोटांवर?" होल्डचं बटण दाबलं, की हात काढून घेतला तरी सूर फिरतच राहायचे. त्या दिवशी त्या इतक्या खूश झाल्या, की आम्हाला चहासोबत चकली मिळाली.

तालीम सुरू झाली आणि दुसरंच त्रांगडं उभं राहिलं. मशीन मागे पडायला लागलं. अभंग सुरू होताना बरोबर असायचं, पण शेवटाकडे आम्ही पुढे आणि ठेका मागे. इंदूताईंनी धवलला झापलं, "सुस्त मशीन गळ्यात मारलंस."

"आई, समोरचा लयीचा आकडा बघ. नव्वद आहे ना? तो आपण बदलल्याशिवाय हलत नाही."

"मग कोणीतरी हलवतंय." आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे नृसिंहराव निमूटपणे शेंगा सोलत होते. पुढच्या तालमीला लय फिरवायच्या बटणावर चिकटपट्टी लागली होती आणि आकड्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. अभंग झाला. मशीन पुन्हा मागे, आणि आकडा नव्वदच. मी तो दोनदा वाचून दाखवला. मला तेव्हा हसू आवरत नव्हतं.

"ताई," मालनबाई म्हणाल्या, "मशीन जाग्यावरच हाय. तुमीच लई पळताय."

इंदूताईंनी चिकटपट्टी हळूच सोलून काढली, बोटावर गुंडाळली आणि म्हणाल्या, "पुरे झालं आजचं." स्वयंपाकघरातला शेंगांचा आवाजही थांबला होता.

कबूल करतील तर त्या इंदूताई कसल्या? पण स्पर्धेचे नियम आले आणि त्यात लिहिलं होतं, तालवाद्य हाताने वाजवलेलंच हवं. आता पखवाज खाली काढायलाच हवा होता. निरोप्या म्हणून मला पाठवलं, नवरा-बायकोत अंतर एका भिंतीचं असताना.

"भाऊजी, ताई म्हणतात, पखवाज घ्या."

"आरोप मागे घेतला का?"

मी मागे वळून पाहिलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "उगाच जुनं उकरू नका म्हणावं."

"मग मी वाजवीन," नृसिंहराव गालात हसत म्हणाले, "पण मशीनही चालू ठेवायचं. ते सूर फिरतात ना, ते फिरू देत. मला एक साक्षीदार हवाय."

स्पर्धेच्या सकाळी पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक इंदूताईंनी स्वतः मळून दिली. एरवी त्या कणकेवरून कुरकुर असायची. मला बरं वाटलं, पण माफी काही कणकेत मळून देता येत नाही, असंही वाटलं.

हॉल भरला होता. पहिले दोन अभंग झकास झाले. इंदूताईंचा आवाज लागला होता, मशीनचे सूर मागे संथ फिरत होते. मग गवळण आली. इंदूताई रंगल्या, माना डोलू लागल्या, आणि लागली की गाडी उताराला! मशीन बिचारं आपलं नव्वदवर. नृसिंहरावांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मशीनबरोबर थांबले असते तर इंदूताई भर हॉलमध्ये तोंडघशी पडल्या असत्या, आणि तीस वर्षांचा हिशेब एका गवळणीत फिटला असता. ते थांबले नाहीत. गेले बायकोच्या मागे, नेहमीसारखे. इंदूताईंनी ते सगळं पाहिलं. गाता गाता त्यांनी हात लांब करून मशीनचा आवाज बंद केला.

परीक्षक मोठे सौजन्याने बोलले. आवाज गोड, पाठांतर चोख. "फक्त पखवाजाने लय पळवली. त्यांना थोडा आवर घालायला हवा."

नृसिंहराव मान हलवून म्हणाले, "बरं."

तोच इंदूताईंनी माईक ओढला. "पखवाजाने नाही, मी पळवली. मी कायमच पळवते. हे तीस वर्षं माझ्या मागे धावताहेत आणि बोलणी खाताहेत. मार्क कापायचे तर माझे कापा." आवाज वर्गातलाच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मालनबाई माईकसमोरच म्हणाल्या, "आता कसं!"

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं, तेही बहुधा त्या भाषणाचं.

अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे दिवा लावून देतात. इंदूताईंचे आईवडील कधीच गेले, भाऊ नाही, म्हणून नृसिंहरावांचं हे वाण कित्येक वर्षं राहूनच गेलं होतं. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मी झांजा आणायला गेले, तर तांब्याचं ताट, त्यात अनारसे, वर निरांजन, आणि इंदूताई नवऱ्याला पाटावर बसवून कुंकू लावत होत्या. "माझ्या माहेराकडून," त्या म्हणाल्या.

नृसिंहरावांनी सगळे अनारसे सावकाश मोजले. त्यांची बोटं ताटाच्या कडेवर ठेका धरत होती.

"अगं, बत्तीसच आहेत."

"एक मी खाल्ला," इंदूताई म्हणाल्या. "मला दम कुठे धरवतो? तुम्हाला माहीतच आहे."