साध्या पाण्याच्या ओळी

नंदुरबारच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्यामुळे गावी गेलो की मिरचीचं प्रत्येक आकसलेलं पान माझ्या नाकासमोर धरलं जातं. चुरडा-मुरडा! त्याचा विषाणू मी फळ्यावर फार सुंदर काढतो, शेतात मात्र नुसते खांदे उडवतो.

मग एक शोधनिबंध आला. लावणीआधी रोपांची मुळं जिवाणूंच्या एका द्रावणात बुडवली की हा रोग येत नाही, असा त्यात दावा होता. तो खरा की खोटा, हे ठिकठिकाणच्या साध्या माणसांकडून तपासून घ्यायचं काही संशोधकांनी ठरवलं. मी हौसेने आमच्या तापीकाठच्या गावातली बारा शेतं जमवली. निकाल चांगला आला तर पुढच्या हंगामात सगळं गाव त्या द्रावणावर विसंबणार होतं, म्हणून घसा फोडून सांगितलं: सहा ओळी द्रावणाच्या, त्यांना लाल फीत. सहा ओळी साध्या पाण्याच्या, त्यांना पांढरी. दिसेल तेच मोबाइलवर भरायचं.

अकरा फॉर्म सारखे आले. लाल ओळी निरोगी, पांढऱ्या रोगट. बारावा माझ्या चुलतवहिनीचा होता, त्यात दोन्हीकडे सारखाच रोग. वहिनी चौथी शिकलेली, फितींचा घोळ केला असणार, असं म्हणत मी घरबसल्या तिचे आकडे ‘दुरुस्त’ केले आणि यादी पाठवली. ‘पडताळणी यशस्वी’ असं उत्तर आलं. मी ते स्टाफरूममध्ये दोनदा वाचून दाखवलं.

पुढच्या रविवारी शेतकऱ्यांसाठी आलेली प्रमाणपत्रं घेऊन गावी गेलो. पहिल्याच शेतात बाराच्या बारा ओळींत पानं आकसलेली. पांढऱ्या फितीच्या ओळी कुठल्या, विचारलं.

“सर, औषध उरेल व्हतं,” शेतकरी म्हणाला. “बाकीना रोपेसले काब्र उपाशी ठेवानं?”

“मग लाल ओळींतही रोग आला, हे का नाही लिहिलं?”

“तुम्हीन इतलं औषध आनी दिधं, मंग वाईट कसं लिखानं?”

मी डोक्याला हात लावला. दुसऱ्या शेतात तेच, तिसऱ्यातही तेच, अकराव्यापर्यंत तेच. एकाने तर पांढऱ्या फिती बैलाच्या शिंगांना बांधल्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ, ओरडणार कुणावर? तरी ओरडलो. शास्त्र म्हणजे काय पाहुणचार आहे, समोरच्याला बरं वाटावं म्हणून गोड म्हणायला? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

शेवटी वहिनीचं शेत. सहा लाल, सहा पांढऱ्या, फिती जिथल्या तिथे. पानं दोन्हीकडे तेवढीच आकसलेली. हातात औषध असून निम्म्या रोपांना दिलं नाही, म्हणून शेजारणी हंगामभर तिला हसल्या होत्या. सासूने बोलणं टाकलं होतं.

“भाऊ, मन्हा फारम वाचा का तुम्हीन?” तिने विचारलं. “माले जे दिखनं तेच लिखं.”

“वाचला,” मी म्हणालो. पिशवीतलं तिचं प्रमाणपत्र बाहेर काढायला हात धजेना.

घरी येऊन संशोधकांना पत्र लिहायला बसलो. रागाच्या भरात त्या अकरा जणांविरुद्धच्या तक्रारींनी दोन पानं भरली. मग ती सगळी खोडली. खाली एवढंच उरलं: बारा शेतांपैकी एकाच शेतात प्रयोग झाला, आणि त्याचा निकाल मी बदलला.