मत नसलेल्यांचे मेंबर

लोकल बोर्डाच्या निवडणुकीला मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत मिळून आजवर जेवढी माणसं उभी राहिली, त्या सगळ्यांत निवडणूक म्हणजे काय हे कळलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. हे मी त्या काळी मुरबाडच्या बाजारात बोललो असतो तर लोक पोट धरधरून हसले असते. कारण आतोबा दोनदा उभे राहून दोन्ही वेळा पडले होते, आणि तेही असे की, त्यांच्या पडण्याच्या हकिगती लोक म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्यांचा भाव करता करता एकमेकांना सांगत.

त्यांचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून आत. भाताची थोडी खाचरं, वरकस जमिनीत नाचणी, दोन बैल आणि मराठी सातवीपर्यंतचं शिक्षण एवढी त्यांची मिळकत. पण बोर्डाच्या कचेरीतल्या एका कारकुनाने रद्दीत काढलेलं नियमांचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं, आणि माणूस कामातून गेला. दुसरे लोक चातुर्मासात पोथी लावतात, आतोबांनी कलमं लावली. जेवताना आत्याने आमटी वाढायला उशीर केला तरी त्यांना एखादं पोटकलम आठवे. आत्या म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायचा तरी कसा? भांडणाला बी अर्ज करावा लागतो."

तेव्हा मत सगळ्यांना नसे. ज्याच्या नावावर जमीन, जो सरकारात सारा भरतो, तो मतदार. अख्ख्या गावात मतवाले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि डोंगराच्या पायथ्याला ठाकूर आदिवासींची ठाकूरवाडी होती, तिथे तर एकही नाही. आतोबांच्या विरुद्ध उभे राहत ते मुरबाडचे भाताच्या गिरणीचे मालक. शेट माणूस वाईट नव्हता. त्यांची मोटार मतदारांच्या दारापर्यंत जाई, चहा होई, विड्यांचे कट्टे वाटले जात, कुणाच्या मुलीच्या लग्नाला शेट स्वतः हजर राहत. आतोबा पायी निघत. मतदाराच्या घरी पोचले की त्याच्या बैलाच्या खुराला काय झालं ते बघत, पाला वाटून लावायला सांगत, कुळथाचं पिठलं खात आणि उठत. मत मागायचं राहून जाई. एकदा एका मतदाराने आपण होऊन विचारलं, "काय आतोबा, औंदा उभं हाव ना तुमी?" तर हे म्हणाले, "हाव. पण शेटबी उभं हायत. माणूस दिलदार, कामाचा. तू तुझ्या मनाने बघ." त्या गड्याने आपल्या मनाने बघितलं आणि मत शेटना दिलं.

सगळ्यात गंमत म्हणजे प्रचाराचे निम्मे दिवस ते ठाकूरवाडीत घालवत. मी तेव्हा शहापूरच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. सुट्टीत आत्याकडे गेलो की मलाही बरोबर नेत. वाडीत पाण्याचे हाल होते. होळी झाली की झरा आटे आणि बायका खालच्या ओढ्यात डबरं खणून वाटी-वाटीने पाणी भरत. आतोबा तिथे पारावर उभे राहून सभेत बोलावं तसं भाषण करत. "मी निवडून आलो तर तुमच्या वाडीला हीर आणीन!" समोर वीसपंचवीस माणसं, पोरं, कोंबड्या. एकालाही मत नाही. परतताना मी म्हटलं, "आतोबा, इथे एकसुद्धा मत नाही."

"म्हून तर आलो," ते म्हणाले. "मतवाल्यांकडं समदेच जातात."

पहिल्या निवडणुकीत माझी मतदान केंद्रावर नेमणूक झाली होती, त्यामुळे तिथला प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. आतोबा रांगेत उभे राहून आले, आपलं नाव सांगितलं. मी यादीवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून वाचलं आणि ताठ उभे राहिले. यादीत त्यांच्या वडिलांच्या नावाच्या जागी चुलत्यांचं नाव पडलं होतं.

"हा मी नव्हं," आतोबा म्हणाले.

केंद्राधिकारी हसून म्हणाले, "अहो, तुम्ही उमेदवार आहात. सगळा तालुका तुम्हाला ओळखतो. द्या मत."

"तुमी वळखता, साहेब. यादी वळखत नाय." आणि स्वतःच्याच मताला रीतसर हरकत घेऊन, ती कागदावर लिहून, खाली सही करून ते बाहेर पडले. त्या वेळी ते दोन मतांनी पडले. मला फार वाईट वाटलं, पण आतोबा उलट खुशीत होते. "माझा मत पडला असता तरी एक कमीच होता," असं ते महिनाभर ज्याला त्याला समजावून सांगत होते, जणू काही त्यांचा विजयच झाला होता. दुसऱ्या खेपेला ते बऱ्याच जास्त मतांनी पडले, आणि त्याविषयी कुणी विचारलं तर एवढंच म्हणत, "या टायमाला यादी चोख होती."

तिसऱ्या वेळी मात्र आक्रीत घडलं. आतोबा निवडून आले. चांगले घसघशीत मतांनी आले. शेटनी स्वतः येऊन हार घातला. गावाने लेझीम काढली. आत्याने घावन केले. आतोबा मात्र गोंधळून गेले होते. हरल्यावर काय करायचं ते त्यांना पाठ होतं, जिंकल्याचा सराव नव्हता. दोन दिवसांनी कुठूनतरी खरी गोष्ट त्यांच्या कानावर आली. ठाकूरवाडीतली माणसं दर वर्षी आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आजूबाजूच्या सगळ्या खातेदारांच्या शेतांवर जात. त्यांच्यावाचून कुणाचीच आवणी वेळेवर उरकत नसे. निवडणुकीच्या आधी वाडीतली म्हातारी माणसं एकेका मतदाराच्या दारी गेली होती आणि म्हणाली होती, "आवणीला येऊ. पण मत आमच्या बाबाला टाक."

हे ऐकून आतोबा पांढरेफटक पडले. जेवले नाहीत. नियमांचं पुस्तक उघडून बसले आणि मला म्हणाले, "हा दबाव झाला. मला राजीनामा दिला पाहिजे." मी समजावलं, आत्याने समजावलं. आत्याने तर शेवटी चूलच पेटवायची नाही असं ठरवलं. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते ठाकूरवाडीकडे निघाले, मागोमाग मी. वाडीतला सगळ्यात वयस्कर ठाकूर वळचणीला बसून टोपली विणत होता. आतोबांनी त्याला कलम समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, बांबूची पात ओली करून घेतली आणि म्हणाला, "बाबा, आमी कुणाला दाबायचा रं? आमाला समदे दाबतात. आमी निस्ता सांगितला. तू बी दर साली हितं येऊन सांगतोस ना? तसा."

आतोबांना यावर कलम सापडेना. मग खाली बसले आणि म्हाताऱ्याला पाती सोलून देऊ लागले. राजीनाम्याचं पुन्हा नाव निघालं नाही.

मेंबर झाल्यावर पहिल्याच सभेत त्यांनी विहिरीचा विषय काढला, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सभेतही. इतर मेंबर त्यांना "आले हीरवाले" म्हणू लागले. शेवटी कंटाळून बोर्डाने मंजुरी दिली. पण ओव्हरसियर जागा बघायला येईना. आणि तेवढ्यात बातमी आली की सरकार तालुक्यांची बोर्डंच बंद करणार, यापुढे सगळं काम ठाण्याहून चालणार. म्हणजे मंजुरीचा कागद बोर्डाबरोबरच बुडणार. तेव्हा मात्र हा कधी कुणाला अरे न म्हणणारा माणूस मुरबाडला जाऊन ओव्हरसियरच्या बिऱ्हाडासमोर ओट्यावर बसला. सकाळी बसायचे ते संध्याकाळी उठायचे. भाकरी फडक्यात बांधलेली. तिसऱ्या दिवशी ओव्हरसियरच्या बायकोने आतून पाणी आणून दिलं आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बाबा, आमचे हे उद्या येतील हो तुमच्याबरोबर." आले. वाडीतल्या बायाबापड्यांनी खणायला हात लावला. कातळ लागला तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली. आतोबा काठावर बसून राहिले. घराकडे फिरकले नाहीत. आणि पावसाच्या तोंडावर बोर्ड मेलं, त्याच्या आठ दिवस आधी कातळाखाली पाणी लागलं. पहिलं पाणी वर आलं ते मातकट होतं. आतोबांनी ते ओंजळीत घेतलं आणि प्याले. मग तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "चिखुल उडाला."

त्यानंतर ते उभे राहिले नाहीत. ठाण्याच्या बोर्डाला उभं राहण्याइतके पाय आता उरले नाहीत असं म्हणत. लढाईची वर्षं आली, धान्याला रेशन आलं, आतोबांना दम लागू लागला. मग स्वातंत्र्य आलं, आणि पाठोपाठ असं समजलं की यापुढे प्रत्येक सज्ञान माणसाला मत, जमीन असो वा नसो, पुरुष असो वा बाई. नवीन याद्या करायच्या होत्या. तलाठ्याने लिहिता येणाऱ्यांची मदत मागितली, तेव्हा आतोबा खोकत खोकत पहिले हजर.

बायकांची नावं मिळणं हे मोठं अवघड काम होतं. 'अमक्याची आय', 'तमक्याची बायकू' यापुढे कुणी बोलेना, आणि तसं लिहिलं तर यादीत चालत नसे. दुसऱ्या गावांत लिहिणारे पुढच्या दाराला निघून जात. आतोबा बसून राहत. ठाकूरवाडीत एका म्हातारीने तर चक्क वेळ मागून घेतला. "थांब बाबा, आठवू दे," म्हणाली. नवरा जाऊन जमाना झालेला, हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आतोबा टाक हातात धरून थांबले. थोड्या वेळाने म्हातारी लाजून म्हणाली, "चिमी."

सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःचं घर घेतलं. दुपारची वेळ होती. मी पडवीत बसलो होतो. आत्या तांदूळ निवडत होती. आतोबांनी कागद मांडीवर घेतला, तिच्याकडे न बघताच विचारलं, "नाव?"

आत्या थबकली. "तुमाला ठाव नाय?"

"मला ठाव हाय. यादीला ठाव नाय."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला 'अगो' याखेरीज हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. आत्या सुपातले खडे उगाच चिवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "कंचा सांगू? लग्नात ताटात लिवलेला, का माहेरचा?"

लग्नानंतरचं नाव लिहायचं असतं, हे आतोबांनी मला त्याच दिवशी सकाळी बजावून सांगितलं होतं. आता त्यांनी टाक शाईत बुडवला. आत्या म्हणाली, "माहेरचा लिवा. त्यो माझा हाय."

त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. शाई वाळेपर्यंत कागदाकडे बघत राहिले आणि मग अगदी हलक्या आवाजात वाचून दाखवलं, "ठकूबाई." आत्या सूप तसंच टाकून आत निघून गेली. जाताना ती हसत होती का, ते मला दिसलं नाही.

मतदान झालं तेव्हा आतोबा नव्हते. मी आत्याला केंद्रावर घेऊन गेलो. अधिकाऱ्याने नाव विचारलं, तिने खणखणीत सांगितलं, आत गेली, बाहेर आली. घराकडे चालताना मी सहज विचारलं, "आत्या, मत कुणाला दिलंस गं?"

"असा इचारायचा नसतो," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलंय."

सांगितलंय, म्हणाली. सांगितलं होतं, असं काही तिला म्हणवलं नाही.