ज्याची चूक, त्याचा तास

मंडळी, आत्ताच गडहिंग्लजहून परत आलोय. शेखसाहेबांच्या मातीला गेलतो.

ऐंशीच्या सुमारास आम्ही कोल्हापुरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात इंजिनिअर होतो. शेखसाहेब आमचे सीनियर. त्यांनी एक रीत पाडलेली: ज्याची चूक, त्याचा तास. माल रिजेक्ट झाला की ज्याच्यामुळं झाला, त्यानं शनिवारी चहाच्या वेळी ती चूक सगळ्यांना शिकवायची. बाकीच्यांनी हसायचं नाही आणि वर कळवायचं नाही.

पहिला तास साहेबांनीच घेतला. "लोखंड गार होताना आकसतं, म्हणून ओतकामाचा पॅटर्न जरा मोठा धरायचा असतो. ते मी विसरलो," असं सरळ सांगून टाकलं. साहेबच चुकतात म्हटल्यावर आमची भीतीच गेली. मी जे काही शिकलो, ते त्या शनिवारांनी शिकवलं.

आज येताना एसटीत शेजारी मगदूम होता, माझ्याच बरोबर नोकरीला लागलेला. मी साहेबांच्या त्या पहिल्या तासाचा किस्सा काढला. नेहमीच काढतो.

मगदूम खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या पॅटर्नचं ड्रॉइंग माझं हुतं. नवा हुतो, नोकरी जाईल म्हणून रडकुंडीला आलतो. साहेबांनी आपल्या अंगावर घेतलं."

"मग साहेब असताना कधी बोलला का न्हाईस?"

"सांगतो, सांगतो म्हणत ऱ्हाऊनच गेलं की रं."



मगदूमचा तास शेवटी आज झाला. ऐकायला शेखसाहेब नव्हते.