हजरजबाबी डॉक्टर आणि माझा कापूस

आमच्या दातांच्या डॉक्टरांइतका हजरजबाबी माणूस आसपास दुसरा नाही, असं डॉक्टरांचं स्वतःचं ठाम मत होतं. पुरावाही होता. एकोणीस वर्षांत त्यांच्या खुर्चीतल्या एकाही माणसाला त्यांना उलट उत्तर देता आलं नव्हतं.

देणार कसं? तोंडात एक आरसा, एक लाळ ओढणारी नळी, वर डॉक्टरांची दोन बोटं. अशा वेळी डॉक्टर विचारायचे, "काय हो, बायको गोड बोलत नाही म्हणून मिठाईवर भागवता का?" माणूस "आँ आँ" करायचा आणि डॉक्टर विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघायचे.

मी त्यांची मदतनीस. कधी कुणी चिवट निघायचा, डोळे बारीक करून नळीच्या बाजूनं शब्द काढायला लागायचा. मग डॉक्टर डाव्या हाताचं बोट हळूच वर करायचे आणि मी त्याच्या गालात कापसाची गुंडाळी सारायचे. दाढ कोरडी राहावी म्हणून, असं आम्ही सांगत असू. अधूनमधून एखादा विनोद माझ्यावरही व्हायचा. "आमच्या ताईंनी मास्क ओठांना शिवूनच घेतलाय!" मीही गप्पच. मला वेगळा कापूस लागत नव्हता.

या यशानं डॉक्टरांचं डोकं फिरलं. आमच्या इमारतीच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले. समोर शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई होत्या. "सभेत त्यांची बोलती बंद नाही केली तर नावाचा डॉक्टर नाही," असं ते येईल त्या रोग्याला सांगत सुटले. कुणी हरकत घेतली नाही.

सभेला सगळे मोकळ्या तोंडानं आले होते, हे डॉक्टरांच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी उठून पहिलाच बार उडवला. "बाई, जन्मभर मुलांना गप्प बसवलंत, आता आम्हा म्हाताऱ्यांना बसवणार?"

बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हो. आणि तेही भूल न देता."

असा हशा पिकला की सतरंजीवर झोपलेली पोरं उठून बसली. डॉक्टरांची दातखीळ बसली. तेवढ्यात सेक्रेटरींनी आवाज दिला, "चला, मोठ्या बाईंच्या बाजूनं कोण कोण? हात वर!" बाईंनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं आणि सवयीनं डॉक्टरांचं डावं बोट वर गेलं. त्यांची नजर गर्दीत मला शोधत होती.

"वा! डॉक्टरसुद्धा!" सेक्रेटरी म्हणाले. "एकमतानं मंजूर."

पुढचे आठ दिवस डॉक्टर नीट जेवले नाहीत. अध्यक्षपद गेल्याचं त्यांना फारसं काही नव्हतं, पण त्या एका वाक्याला उत्तर देता आलं नाही, हे त्यांना खात होतं. दाताचा साचा घेतानाही ते ओठ हलवत राहायचे. मला खरंच त्यांची कीव आली.

नवव्या दिवशी दाढ धरून मोठ्या बाईच आल्या. डॉक्टर खुलले. बाईंना आडवं केलं, आरसा घातला, नळी लावली आणि घसा साफ केला.

"बाई, माझी भूल दोन तासांत उतरते. तुमच्या वर्गातली मुलं अजून जागी व्हायचीत म्हणे!"

बाईंचे डोळे बारीक झाले. डॉक्टरांचं बोट वर गेलं. माझ्या चिमट्यात कापूस तयार होता. मी तो परत ट्रेमध्ये ठेवला आणि बाईंच्या तोंडातली नळी काढून घेतली.

"छान आहे की!" बाई अगदी मनापासून म्हणाल्या. "हे सभेत सुचलं असतं ना डॉक्टर, तर मी पडले असते."

डॉक्टर लालबुंद झाले. "ताई, कापूस! लक्ष कुठंय तुमचं?"

मी मास्क खाली ओढला. "बाईंच्या बोलण्याकडे."

डॉक्टरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. मी सवयीनं आत डोकावले, तर खालची डावी दाढ चांगलीच किडलेली.

"तुम्हालाही दुसऱ्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसावं लागणार," मी म्हटलं. "कापूस धरायला मी येईन सोबत."