घोडेगावच्या बाजारतळावरचे तीस सेकंद

माझा धाकटा भाऊ सुधीर शेवगाव तालुक्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. काही वर्षांपासून तो तिथल्या मुलींना ऑस्ट्रेलियन फुटबॉल शिकवतो, आणि मी तेवढीच वर्षं "येते रे, येते" म्हणत होते. दिवाळीनंतर त्याचा फोन आला, "ताई, या रविवारी आली नाहीस तर पुढच्या वर्षीच ये. सोमवारी ऊसतोडीच्या टोळ्या निघतायत." टोळ्यांचा आणि फुटबॉलचा काय संबंध, हे विचारायच्या आत त्याने फोन ठेवला. नको तिथे नाक खुपसायची सवय मला पहिल्यापासून आहे. मी पिशवी भरली.

तुम्ही जाणार असाल तर पुण्याहून संभाजीनगरकडे जाणारी सकाळची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आणि गाडी थेट घोडेगावात सोडते. नगरच्या स्टँडवरचा चहा टाळा, बाहेरच्या गाड्यावरचा वडा मात्र चुकवू नका. नगर सोडल्यावर रस्ता मोकळा आणि छान आहे, दोन्ही बाजूंना तूर, कापूस आणि मग ऊसच ऊस. बाजाराच्या दिवशी घोडेगावात उतरू नका, नाहीतर म्हशींच्या गर्दीतून वाट काढत बसाल.

नगरच्या संघाशी सामना त्या जनावरांच्या बाजारतळावरच होता. मुलींनी सकाळी शेण उचलून, फक्कीने मोठं लंबगोल मैदान आखलं होतं. दोन्ही टोकांना चार-चार बांबू. मधल्या दोन बांबूंमधून चेंडू मारला की गोल. लाथाडलेला चेंडू कुणी हवेत स्वच्छ झेलला की पंच शिट्टी मारतो, सगळे थांबतात, आणि झेलणारीला गोलवर निवांत मारायची संधी मिळते. निवांत म्हणजे तीस सेकंद. ते संपले की पंच "खेळ चालू!" ओरडतो आणि समोरच्या मुली तुटून पडतात.

मोठ्या मैदानांवर म्हणे ही वेळ फलकावर दिसते. इथे कसला फलक! इथे प्रेक्षकच मोठ्याने आकडे मोजतात. आता माणसं आपली, लेकी आपल्या. नगरच्या पाहुण्या मुलीला तीस मोजताना या मंडळींनी मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. मला इतकं हसू आलं की वडीलधाऱ्यांसमोर पदर तोंडाला लावावा लागला.

माझ्या शेजारी अलकाबाई बसल्या होत्या, आमच्या संघातल्या मनीषाची आई. "उद्या कोयता, ताई," त्या म्हणाल्या. "आता चार-पाच म्हयने लेकराचं तोंड दिसायचं न्हाई. ती चुलतीकडं ऱ्हाती. तिचा खेळ म्या कधी बघितलाच न्हाई. आज एक तरी गोल बघून जायाचाय." सोमवारचा संबंध मला तेव्हा कळला.

मनीषाने उंच उडी मारून चेंडू झेलला. शिट्टी झाली. मोजणी सुरू झाली, "ए...क... दो...न..." दोन आकड्यांमध्ये माझा चहा पिऊन झाला असता. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत सावकाश आवाज अलकाबाईंचा. पोरगी त्या आकड्यांवर विसंबून चेंडू पुसत राहिली. सतराव्या आकड्याला पंचाने स्वतःचं घड्याळ बघितलं आणि ओरडला, "खेळ चालू!" नगरच्या दोघींनी तिला आडवं केलं.

"म्याच घात केला व्हय?" अलकाबाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तिला जरा जास्तीचा येळ मिळंल." मी त्यांचा हात धरला.

मध्यंतरात मनीषा पाणी प्यायला आली. गुडघा सोललेला, पण राग नव्हता.

"आई, तूच मोज. पन खरं मोज."

अलकाबाई उठल्या आणि तळावरच्या सगळ्यांना दम भरला, "कुनी त्वांड उघडायचं न्हाई! म्या एकलीच मोजनार हाय."

सामना आम्ही कधीच हरलो होतो. शेवटी-शेवटी मनीषाला पुन्हा झेल मिळाला. अख्खा बाजारतळ चिडीचूप. अलकाबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि मोजायला लागल्या, एकसारख्या ठेक्यात, कुठेही न रेंगाळता. मी सुधीरच्या हातातल्या घड्याळाकडे बघत होते. बाई बरोबर होत्या. सव्विसाला मनीषाने लाथ मारली आणि चेंडू मधल्या बांबूंमधून गेला.

सगळे नाचायला लागले तरी यांचे डोळे मिटलेलेच. "ताई, गेला का?"

"गेला हो, गेला!" म्हणताना मीच रडत होते.

सोमवारी भावजयीच्या हातची धपाटी खाऊन आम्ही टोळीला निरोप द्यायला गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, सरपण आणि त्यावर अलकाबाई. येताना वाट थोडी वाकडी करून नेवाशात उतरले. ज्ञानेश्वरांच्या मंदिरातल्या दगडी खांबाला हात लावला, प्रवरेच्या काठी थोडी बसले. जागा शांत आहे, वेळ ठेवून जा.

पुण्यात आल्यावर मैत्रिणींना त्या मोजणीची नक्कल करून दाखवते आणि त्या पोट धरून हसतात. परवा सुधीरचा फोन आला होता. रविवारी सरावाला मनीषा मोबाईल स्पीकरवर टाकून गवतात ठेवते, आणि अलकाबाई उसाच्या फडातून आकडे मोजतात. पोरगी आता तरबेज झालीय, विसाच्या आतच मारते. पण मारल्यावर चेंडू आणायला धावत नाही. आईचे तीस पुरे होईपर्यंत तिथेच उभी राहते.