लाल टाकी, लाल पट्टी

काय सांगायचं तुम्हाला, शहाणपणा कधी कधी अंगात असा येतो की उतरवायला माणूस बोलवावा लागतो!

नरडाण्याच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात माझा मोठा भाऊ सांडपाणी साफ करायचा. दीड महिन्यापूर्वी दादा गेला. त्याचा फोन मी अजून खिशात बाळगतो, रोज चार्जही करतो. का, ते विचारू नका.

त्याच्या जागेवर मलाच घ्या म्हणून मी शेठकडे हटून बसलो. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत टाकी नितळ करून दाखव, नाहीतर दोंडाईच्याचा माणूस ठरलेलाच आहे.

काम मी दादाजवळ बसून पाहिलेलं. अ‍ॅसिड घालून पाणी आंबट करायचं, हिराकस नावाचं हिरवं मीठ टाकायचं, मग पेरॉक्साइड हळूहळू सोडायचं. रंग उडतो. आंबटपणा दादा मीटरवर बघायचा. पण मीटरवर आकडे, आणि आकड्यांत टिंब! सातवी नापास माणसानं टिंबाच्या नादी का लागावं? मी कागदाची पट्टी घेतली. ती लाल झाली की पाणी आंबट. बुडवली. लालभडक!

पाणी मुळातच आंबट म्हणून मी खूश. अ‍ॅसिडला हातच लावला नाही. मीठ टाकलं, पेरॉक्साइड सोडलं. रंग ढिम्म. आणखी सोडलं. ढिम्म! डोकं फिरलं. जळगावच्या केमिकलवाल्याला फोन लावून भेसळखोर म्हटलं, गाडी पाठव आणि माल उचल म्हणालो. त्याची माफी मागायची अजून राहिलीच आहे.

आवाज ऐकून बॉयलरवरचे नाना आले. मी पट्टी त्यांच्या नाकापुढे धरली. त्यांनी पट्टी पाहिली, टाकी पाहिली, मग मला.

"आरे भो, लाल पाणीमा तुन्ही मुंडी बुडाडी तरी लालच निंघी!"

मीटर बुडवला. टिंब नानांनी वाचलं. आंबटपणाचा पत्ताच नव्हता!

अ‍ॅसिड घातलं, मीठ पुन्हा टाकलं, पेरॉक्साइड धार बारीक करून सोडलं. लालाचा विटकरी झाला, विटकरीचा पिवळा. शेवटी चुना घातला, गाळ तळाला बसला आणि वर असं पाणी, की हातात घेतलं तर तळहाताच्या रेषा मोजाव्यात. शेठ ग्लास उजेडात धरून बघतच राहिले.

"उद्या आठला ये," एवढंच म्हणाले.

जिंकलो! त्या भरात माझा फोन काढला आणि पहिला नंबर लावला तो दादाचा.

रिंग माझ्याच खिशात वाजली.

काढून बघितलं. दादानं माझं नाव काय सेव्ह केलं होतं, माहितीये? 'येडा'.

बघा, मला मोजायला त्याला मीटरसुद्धा लागला नव्हता.